गुडघा आटवायला निघालेला आकाराम

आकारामला म्हशीतलं कळतं, हे गंगावेशीत कुणीही सांगेल. कुठली म्हैस पान्हा चोरते, कुठल्या कासेला सूज धरणार, कुठली गाभण आहे आणि कुठली नुसतीच फुगलीय, हे तो रस्त्याच्या पलीकडून बघून सांगतो. अडचण एवढीच की दुसऱ्या कशातलं आपल्याला कळत नाही, हे त्याला मान्य नाही. त्यामुळं उजव्या गुडघ्यात पाणी झालं तेव्हा त्यानं गुडघाही म्हशीच्याच हिशेबात धरला आणि साऱ्या घराला घोर लावला.

संध्याकाळ झाली की आकाराम आपल्या दोन म्हशी, थोरली आणि चंद्री, घेऊन दूध कट्ट्यावर येतो. गिऱ्हाईक समोर उभं असतं, धार त्याच्या डोळ्यांदेखत चरवीत पडते आणि फेसाळ, कोमट दुधाचा ग्लास तिथल्या तिथं हातात येतो. तालमीतली पोरं येतात, बाहेरगावचे पाहुणे येतात, हल्ली मोबाईल समोर धरून व्हिडिओ काढणारेही येतात. त्यांना आकाराम सांगतो, "पावणं, आदी प्या. फेस बसला की चव गेली. शुटिंग काय, रिकाम्या ग्लासाचं बी हुतंय."

धार काढायची त्याची बैठक लहानपणापासून एकच. उकिडवं बसायचं, दोन्ही गुडघ्यांत चरवी आवळायची आणि कपाळ म्हशीच्या कुशीला टेकवायचं. थोरली बिचारी कुणालाही दूध देते. चंद्रीचं तसं नाही. कपाळावर पांढरा चांद असलेली ही म्हैस मोठी मानी. आकारामचं कपाळ कुशीला लागल्याशिवाय ती पान्हा सोडत नाही. याचा आकारामला कोण अभिमान. त्याची बायको बाळाबाई म्हणते, "लगीन माझ्यासंगट झालंय, पर संसार त्या चंद्रीबरोबर चाललाय."

दसऱ्याच्या सुमाराला एका संध्याकाळी चंद्रीला गोमाशी चावली. तिनं पाय झाडला, चरवी वाचवायला आकाराम बसल्याबसल्या गर्रकन वळला, आणि गुडघ्यात आत काहीतरी कचकन झालं. दूध सांडलं नाही म्हणून स्वारी खुशीत लंगडत घरी आली. सकाळी उठून बघतो तर गुडघ्याची वाटी कुठं आहे ते सापडेना. सगळा गुडघा गोल, गुळगुळीत, आणि पाय धड वाकेना की धड सरळ होईना.

पहिला वैद्य दारातच हजर होता. केरबा हा आकारामचा जुना दोस्त, तरुणपणी दोघं एकाच तालमीत लाल मातीत लोळलेले. कुस्तीत केरबाचं नाव काही झालं नाही, पण अंग रगडण्यात त्याचा हात बसला आणि आता निम्मी पेठ त्याच्यापुढं पालथी पडते.

"नस चढलीया," केरबानं निकाल दिला. "उतरवतो की."

गरम तेल लावून त्यानं गुडघा असा काही रगडला की आकारामनं उशीचा कोपरा दातात धरला. दुसऱ्या दिवशी गुडघा तट्ट झाला, धार काढायची राहून गेलेल्या कासेसारखा.

"म्हंजे बाहीर पडायलंय," केरबा म्हणाला आणि त्यानं आणखी जोर लावला.

शेवटी सून अनुजा मध्ये पडली. तशी ती कमी बोलणारी, पण धरलं की सोडत नाही. ती सासऱ्याला गल्लीतल्या डॉक्टरांकडं घेऊन गेली. त्यांनी गुडघा दाबून बघितला, दुखायचं कमी व्हायला गोळ्या दिल्या आणि सांगितलं, "आत पाणी झालंय. हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. सुईनं काढावं लागेल बहुतेक."

आकारामनं गोळ्या घेतल्या आणि सल्ला तिथंच सोडला. सुईला तो भीत नव्हता. तो भीत होता भाऊसोला.

भाऊसो म्हणजे एकेकाळी कट्ट्यावरचा पहिल्या नंबरचा दूधवाला. त्याच्या धारेचा आवाज ऐकून गिऱ्हाईक रस्ता ओलांडून यायचं. त्याच्याही गुडघ्यात असंच पाणी झालं होतं. सुईनं काढलं, परत आलं. परत काढलं, परत आलं. अखेर कंटाळून त्यानं म्हशी विकल्या. आता तो रोज संध्याकाळी पांढरीशुभ्र टोपी घालून कट्ट्याच्या कठड्यावर बसतो, दुसऱ्यांच्या म्हशी बघतो आणि उठून घरी जातो. आकारामचा गुडघा बघून तो एवढंच म्हणाला होता, "सुई लावून घिऊ नगंस. एकदा काढाय लागलास की ती येतच ऱ्हातंय."

हे वाक्य आकारामच्या डोक्यात पक्कं बसलं, कारण ते त्याच्या धंद्याशी तंतोतंत जुळत होतं. म्हैस काढत राहिलं की दूध येत राहतं. काढायचं बंद केलं, वैरण-पाणी तोडलं, की ती आटते. गाभण म्हशी विण्याआधी त्यानं जन्मभर अशाच आटवल्या होत्या, आणि एकही कधी बिघडली नव्हती. मग गुडघा काय म्हशीपेक्षा शहाणा लागून गेलाय? आकारामनं मनाशी ठरवलं, सुई लावायची नाही, पाणी प्यायचं नाही, गुडघा आटवायचा.

कुणाला न सांगता त्याचा हा कारभार सुरू झाला. चहा बंद. ताक बंद. जेवताना तांब्या भरलेला तसाच. गोळी गिळायला लागेल तेवढाच घोट. भाकरी, सुकी चटणी आणि तोंडी लावायला कांदा. वर केरबाचं रगडणं चालूच, कारण ते थांबवायचं कारण त्याला सुचलं नाही. गुडघ्याभोवती जुन्या धोतराची पट्टी त्यानं इतकी करकचून बांधली की पाऊल थंड पडायचं.

बाळाबाईच्या ध्यानात आलं ते रविवारी. मटण शिजलं होतं. तिनं तांबड्या रश्श्याची वाटी पुढं ठेवली, आणि आकारामनं ती हातानं बाजूला सारली. बाळाबाई डाव हातात धरून तशीच उभी राहिली. लग्न झाल्यापासून या माणसानं रस्सा नको म्हटलेलं तिनं ऐकलं नव्हतं. सासरा वारला तेव्हासुद्धा सुतक फिटल्यावरच्या पहिल्याच मटणाला तो तीन वाट्या प्याला होता.

"आवं, काय हुतंय तुमास्नी?" तिनं विचारलं.

"काय न्हाय. पातळ नगं."

"का नगं?"

"सुकं घाल म्हणतोय न्हवं."

बाळाबाईनं सुकं वाढलं. घरात तिनं कुणाला काही बोलून दाखवलं नाही, नुसती देवाजवळ जास्त वेळ बसायला लागली.

इकडं गोठ्यात वेगळंच चाललं होतं. आकारामला खाली बसता येईना म्हणून अनुजा धार काढायला बसायची. थोरलीनं काही तक्रार केली नाही. चंद्रीनं मात्र मान फिरवली. अनुजानं सड धुतले, पेंड पुढं ठेवली, गोड बोलली, पण चंद्री पान्ह्याचं नाव घेईना. चरवीचा तळ झाकेल एवढंच दूध द्यायची आणि पाय झाडायची. रोज थोडं थोडं कमी होत गेलं. आटायला पाहिजे तो गुडघा भरत होता, आणि भरायला पाहिजे ती कास आटत होती. आकाराम दारात काठीवर रेलून हे बघत राहायचा आणि त्याच्या जिवाचं पाणी पाणी व्हायचं.

मुलगा अमरसिंह फौंड्रीत कामाला. तो वाईट नव्हे, पण त्याला जे दिसतं ते तो सरळ बोलतो. एक दिवस ड्युटीवरून आल्यावर तो म्हणाला, "आबा, इचलकरंजीकडचं एक गिऱ्हाईक हाय. चंद्रीला बघाय येतो म्हंतोय. अशीच आटली तर कोण घेणार न्हाय तिला. तुम्हाला बसाय येत न्हाय, अनुजाला ती दीत न्हाय. कशाला जनावराचे बी हाल?"

आकारामनं काठी जोरात आपटली. मुलाचं चुकत नव्हतं, याचाच त्याला जास्त राग आला. गिऱ्हाईक येत्या रविवारी येणार असं ठरलं. डोळ्यांपुढं त्याला कट्ट्याचा कठडा दिसायला लागला, आणि त्या कठड्यावर भाऊसोच्या शेजारी स्वतःची टोपी.

त्याच आठवड्यात एका सकाळी वैरण टाकताना त्याला भोवळ आली आणि तो दावणीजवळ मटकन बसला. ओठ सुकलेले, डोळे खोल गेलेले. अनुजानं पाण्याचा तांब्या तोंडाला लावला तर त्यानं मान फिरवली.

"मामा, पाणी का न्हाय पीत तुम्ही?" अनुजानं विचारलं.

आकारामला खोटं बोलता येत नाही. त्यानं सगळं सांगितलं: म्हैस, आटवणं, भाऊसो. अनुजानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. हसावं की रडावं हे तिलाही कळलं नसावं. मग तिनं गल्लीच्या तोंडाशी जाऊन रिक्षा आणली. सासऱ्याला विचारायच्या भानगडीत ती पडलीच नाही.

अनुजा सासऱ्याला घेऊन गेली त्या राजारामपुरीतल्या हाडांच्या डॉक्टरांचं नाव संयोगिता. मूळच्या राधानगरीकडच्या, माहेरी दावणीला म्हशी. हे अनुजाला ठाऊक नव्हतं. सासऱ्याचं नशीब थोर, एवढंच म्हणायचं.

डॉक्टरांनी आधी धोतराची पट्टी सोडली. मग ताप आहे का ते बघितलं, गुडघ्यावर तळहात ठेवला, कातडी लाल झालीय का निरखलं. "गुडघा लालभडक असता, हात लावला की चटका बसला असता, अंगात ताप असता, तर तुम्हाला आजच ॲडमिट केलं असतं," त्या म्हणाल्या. "तसं काही दिसत नाही." मग एका हातानं मांडीकडून पाणी खाली दाबून धरत त्यांनी दुसऱ्या हाताच्या बोटानं गुडघ्याची वाटी टिचकवली. वाटी आत जाऊन टकटक लागली आणि परत वर आली. ती अशी तरंगताना बघून आकारामच्या अंगावर काटा आला. इतके दिवस हरवलेली वाटी निदान जागेवर होती, हा त्यातल्या त्यात दिलासा.

"सुई लावायची न्हाय," आकाराम म्हणाला.

"का?"

अनुजानं सगळं सांगितलं, केरबाच्या रगडण्यापासून भाऊसोच्या सुईपर्यंत. तिला वाटलं, डॉक्टरीणबाई आता हसणार. त्या हसल्या नाहीत. एक खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसल्या.

"काका, म्हैस पान्हा कसा सोडते?"

"कास चोळली, सड धुतलं, की सोडती."

"आणि तुमचा तो दोस्त गुडघ्याला काय करायलाय?"

"चोळायलाय..." म्हणता म्हणता आकारामनं जीभ चावली.

"तुम्ही निघालाय आटवायला, आणि रोज चोळून पान्हा सोडवताय," डॉक्टर म्हणाल्या. "ऐका आता. प्रत्येकाच्या गुडघ्यात थोडंसं पाणी असतंच, वंगणासारखं. आतल्या अस्तरातनं ते पाझरतं. आत काही दुखावलं, की अस्तर चिडतं आणि जास्त पाझरतं. वरनं रगडलं की आणखी चिडतं. तुम्ही तोंडानं किती पाणी पिता याचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. उलट दुखण्याच्या गोळ्या खाऊन पाणी तोडलंत, गुडघा राहिला बाजूला, मूत्रपिंडाला धोका झाला असता."

"मग भाऊसोचं का परत परत यायचं?"

"पाणी काढल्यावर ते घरी बसले का धार काढायला खाली बसले?"

आकारामला आठवलं. पाणी काढलं त्याच दिवशी संध्याकाळी भाऊसो कट्ट्यावर उकिडवा बसला होता, आणि सगळ्यांनी त्याच्या हिमतीला दाद दिली होती. आकारामनंही दिली होती.

"म्हशीला काढलं म्हणून येतं," डॉक्टर म्हणाल्या. "गुडघ्याला आत खुपतंय म्हणून येतं. खुपायचं थांबवलं नाही तर काढा नाहीतर ठेवा, ते येणारच. काढायचं ते दोन कारणांसाठी. एक, तुमचा ताण उतरेल. आणि दुसरं, ते कसलं आहे ते कळेल. पू आहे, रक्त आहे, का साधंच पाणी, हे बघितल्याशिवाय मी काय औषध देऊ?"

आकारामनं एकदा अनुजाकडं बघितलं. मग त्यानं पाय पुढं केला आणि तोंड भिंतीकडं फिरवलं. सुई टोचली तशी अनुजानं त्याचा हात धरला. सुनेनं सासऱ्याचा हात धरावा अशी त्यांच्या घरची रीत नव्हती, पण तेव्हा दोघांनाही त्याचं काही वाटलं नाही.

"बघा," डॉक्टर म्हणाल्या.

आकारामनं भीतभीत मान वळवली. सिरिंजमध्ये पिवळसर, नितळ, करडईच्या तेलासारखं पाणी चढत होतं. रक्त नाही, पू नाही. आणि जसजसं ते चढत होतं तसतसा गुडघ्यातला तो ठणका, तो ताण, इतके दिवस रात्रंदिवस वागवलेला, हळूहळू सैल पडत होता. वाटी आपल्या जागी दिसायला लागली. आकारामनं इतका लांब श्वास सोडला की नर्स हसली.

"पाणी हाय का जरा?" त्यानं विचारलं. अनुजानं बाटली पुढं केली. ती त्यानं एका दमात संपवली आणि दुसरी मागितली.

तपासणीत वाईट काही निघालं नाही. झीज होती, आतली गादी त्या हिसक्यानं थोडी फाटली होती, पण सध्या ऑपरेशनची गरज नव्हती. पथ्य मात्र पक्कं होतं. काही दिवस आराम, पाय उशीवर, फडक्यात गुंडाळून बर्फ, बेतानं आवळलेली लवचीक पट्टी. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून मांडी आवळायची आणि सोडायची, म्हणजे मांडीत ताकद येईल आणि गुडघ्यावरचा भार हलका होईल. रगडणं बंद. परत एकदम फुगला, लाल झाला, ताप आला तर तडक यायचं. आणि उकिडवं बसणं कायमचं बंद.

शेवटचं ऐकून आकारामचा चेहरा पडला. घरी येताना रिक्षात तो एकच बोलला, "मग चंद्रीचं काय?"

उत्तर अनुजानं संध्याकाळी दिलं. ती गोठ्यातून हाक मारायला आली. "मामा, तुमचं डोस्कं द्या जरा."

आकाराम काठी टेकत गेला. अनुजा चरवी घेऊन खाली बसली. आकाराम चंद्रीच्या बाजूला, पट्टी बांधलेला पाय सरळ ठेवून, उभाच राहिला आणि वाकून त्यानं कपाळ तिच्या कुशीला टेकवलं. चंद्रीनं मान वळवून एकदा बघितलं. कान हलवले. मग तिच्या कातडीवरून एक शिरशिरी गेली, ती आकारामला कपाळाला कळली.

"सोडला," तो म्हणाला. खालून चरवीत पहिली धार वाजली. आकारामनं डोकं तसंच ठेवलं, कारण डोळे भरले होते आणि सुनेला ते दाखवायचे नव्हते.

रविवारी गिऱ्हाईक आलं तेव्हा चंद्रीची कास भरलेली होती. आकारामनं पाहुण्यांना बसवलं, निरसं दूध पाजलं, आणि म्हैस द्यायची नाही म्हणून सांगितलं. अमरसिंह बापाकडं बघून हसला आणि पाहुण्यांना स्टँडवर सोडायला गेला. जेवायला तांबडा रस्सा होता. आकारामनं वाटीमागून वाटी संपवली, आणि चौथी वाढताना बाळाबाईनं पदर डोळ्यांना लावला. मग म्हणाली, "पुरं आता. कासेगत फुगशीला."

पुढं अमरसिंहनं सुताराकडून एक स्टूल करून आणलं, उंचीला बेताचं, पाय रुंद, म्हणजे त्यावर बसलं की गुडघा फार मुडपत नाही. चरवी समोर विटांवर ठेवायची. डॉक्टरांनी हो म्हटल्यावर आकाराम कट्ट्यावर आला. लोक हसले. केरबा तर म्हणाला, "आता गल्ल्यावर बसल्यागत दिसालास." आकारामनं त्याला सांगितलं, "तू गप बस. तुझ्या रगड्यानं माझा गुडघा दुभता झालाता." केरबा जरा ओशाळला. तेव्हापासून सुजलेल्या सांध्याला तो हात लावत नाही, आधी डॉक्टरला दाखवून ये म्हणतो.

भाऊसो कठड्यावर बसून सगळं बघत होता. स्टूल, विटा, चरवी, आणि बिनघोर सरळ राहिलेला आकारामचा पाय. गिऱ्हाईक पांगल्यावर तो जवळ आला.

"तुझं परत आलं न्हाय?" त्यानं विचारलं.

"न्हाय. थोडं आलतं, पाय वर ठिवला, बर्फ लावला, बसलं." आकारामनं त्याला सगळं सांगितलं, डॉक्टरांनी विचारलेल्या प्रश्नासकट.

भाऊसो ऐकत राहिला. मग म्हणाला, "म्हंजे सुईमुळं येत न्हवतं तर."

"न्हवतं."

"मी म्हशी इकल्या की रं."

आकाराम उठला. स्टूल उचलून त्यानं थोरलीजवळ ठेवलं, विटा सरकवल्या, वर रिकामी चरवी ठेवली. "बस," तो म्हणाला. "तिची धार ऱ्हायलीया."

भाऊसोनं टोपी काढून खिशात घातली. स्टुलावर बसला, हात धुतले, कास चोळली. थोरलीनं पायसुद्धा हलवला नाही. धार पडली, आणि तिचा आवाज ऐकून रस्ता ओलांडणारा एक माणूस थांबला व मागं वळून कट्ट्याकडं यायला लागला. भाऊसोनं पहिला ग्लास भरून मान न वळवताच वर केला.

"गिऱ्हाइकाला दे की," आकाराम म्हणाला.

"त्याला दुसरा. ह्यो तू पी," भाऊसो म्हणाला. आकारामनं ग्लास घेतला आणि फेस बसायच्या आत रिकामा केला.